उजवा मागचा स्पीकर

माणसं सराउंड स्पीकर घ्यायला येतात ती कपाट घ्यायला आल्यासारखी. केवढं आहे, कुठल्या रंगात आहे, पडद्याला शोभेल का. आवाज कसा आहे हे अगदी शेवटी विचारतात, तेही दारातून बाहेर पडता पडता. मला अशा लोकांचा राग येतो आणि मी तो लपवत नाही. धाकटा लपवतो. म्हणून काउंटरवर तो बसायचा आणि लोकांच्या घरी खुर्चीत मी.

ही खुर्ची काय भानगड आहे ते आधी सांगतो. दुकान आमच्या वडिलांचं. त्यांच्या काळी तिथे रेडिओ दुरुस्त व्हायचे, आमच्या काळात आम्ही लोकांच्या घरात थिएटर बसवून द्यायला लागलो. आम्ही दोघं भाऊ लहान असताना बाबा एकाला खोलीच्या मधोमध खुर्चीत बसवायचे, डोळे मिटायला लावायचे आणि अनवाणी फिरून कुठल्यातरी कोपऱ्यातून टिचकी वाजवायचे. आपण बोट करायचं. बाबा ‘बरोबर’ म्हणायचे नाहीतर ‘चूक’, तिसरा शब्द नाही. मला बरोबर मिळायचं आणि धाकट्याला चूक. तो रडकुंडीला यायचा आणि मी त्याला आणखी चिडवायचो. तेव्हापासून माझं नावच ‘कान’ पडलं. अजूनही दुकानात फोन करून लोक विचारतात, “कान आहेत का?”

बाबा गेल्यावर तीच पद्धत मी धंद्यात आणली. स्पीकर बसवून झाले की घरमालक जिथे बसणार त्या जागेवर मी बसायचो आणि डोळे मिटायचो. धाकटा यंत्रावरून एकेका स्पीकरमधून फस्स असा आवाज सोडायचा. मी बोट करायचो आणि तो मोठ्याने म्हणायचा, “बरोबर, दादा!” शेवटच्या स्पीकरपर्यंत बोट चुकलं नाही की घरचे टाळ्या वाजवायचे. टाळ्या पडल्या की काम संपलं. पावती वगैरे धाकटा बघायचा.

आता यंत्राबरोबर एक छोटा माइक येतो. तो सोफ्यावर ठेवला की यंत्र स्वतःच ऐकतं आणि स्वतःच आवाज जुळवतं. धाकट्याने तो एकदा गिऱ्हाइकासमोर पेटीतून काढला. मी तो परत पेटीत ठेवला आणि त्याला म्हटलं, “माझ्यापेक्षा याच्यावर जास्त भरवसा असेल तर याला मोठा भाऊ मान आणि मला घरी सोड.” गिऱ्हाईक हसलं, धाकटाही हसला. त्याने पुन्हा विषय काढला नाही.

एक गोष्ट मात्र मला बरेच दिवस छळत होती. खोल्या बिघडल्या होत्या. म्हणजे असं, की कुठल्याही घरी जा, खोलीची उजवी बाजू मेलेली. डावीकडचा आवाज ताजा, टणटणीत, आणि उजवीकडचा रजईतून आल्यासारखा. मी कारणं शोधायचो आणि मला ती सापडायची, कारण खोलीत कारणांना तोटा नसतो. कुठे मोठी काच असायची, कुठे जाड पडदा, कुठे पुस्तकांचं कपाट. हल्लीच्या भिंतीच पोकळ असतात असं मी चारचौघांत ठासून सांगायला लागलो होतो. मग मी उजवा स्पीकर जरा पुढे घ्यायचो, जरा खाली, तोंड खुर्चीकडे वळवून, आणि त्याचा आवाज वाढवायचो. की झाली खोली सरळ. धाकटा ड्रिल घेऊन उभा असायचा, मी दाखवीन तिथे भोक पाडायचा.

त्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचं काम असंच होतं. त्यांनी वरच्या मजल्यावरची एक खोली सिनेमासाठी मोकळी केली होती. सोफा अगदी मागच्या भिंतीला चिकटवलेला, आणि सराउंडसाठी त्यांना कमरेएवढे उंच स्पीकर हवे होते, मैत्रिणीकडे आहेत तसे.

“मैत्रिणीकडे केवढी खोली आहे?” मी विचारलं.

“हॉलच आहे तिचा.”

“मग तिच्याच हॉलमध्ये बसून सिनेमा बघा. इथे तुमचा खांदा भिंतीपासून हातभर लांब. इथे ते धूड ठेवलंत तर सिनेमाभर ते तुमच्या कानात भांडत बसेल.”

धाकट्याने घसा खाकरला. गिऱ्हाईक तुटेल असं वाटलं की तो घसा खाकरतो. पण बाई हसल्या. “माझ्या पेशंटना मी सांगते तोंड उघडा, आणि तुम्हाला सांगायला लागणार आहे, बंद करा,” त्या म्हणाल्या. मला बाई आवडल्या. मी बैठक मारून त्यांना नीट समजावलं. सोफा भिंतीपासून पुढे ओढा, नाहीतर मागचा आवाज मागून येणारच नाही, डोक्यातच फुटेल. बाजूच्या भिंतींवर लहान, दोन तोंडांचे स्पीकर घ्या. एक तोंड पुढे बोलतं, एक मागे, त्यामुळे आवाज नेमका कुठून आला ते कळत नाही आणि खोली भरून जाते. ते कानाच्या जरा मागे हवेत आणि बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर. मागच्या भिंतीवर दोन साधे, एका तोंडाचे.

“दोन तोंडांची माणसं मी घरात घेत नाही, पण स्पीकर चालतील,” बाई म्हणाल्या. आम्ही तिघंही हसलो. त्या हसण्याची आठवण झाली की आता मला ओरडावंसं वाटतं.

कामाच्या दिवशी डावा स्पीकर झटक्यात बसला. उजवीकडे मोठी खिडकी होती. मी खुर्चीत बसून ऐकलं आणि म्हटलं, “काच आवाज खातेय. उजवा पुढे घे. आणखी. आता खाली.”

“दादा, डाव्याच्या समोरासमोर ठेवूया का? निदान आधी ऐकून बघ,” धाकटा हळूच म्हणाला. तो माझ्या डावीकडे येऊन उभा राहिला होता.

“मी ऐकूनच सांगतोय. तू काय डोळ्यांनी ऐकतोस?”

त्याने भोक पाडलं. मागचा उजवाही मी असाच सरकवला आणि आवाज चढवला. मग खुर्चीतली परीक्षा झाली. पुढचा डावा, मधला, पुढचा उजवा, मग बाजूचा उजवा, मागचा उजवा, मागचा डावा, बाजूचा डावा. माझं बोट घड्याळाच्या काट्यासारखं फिरलं. “बरोबर, दादा! बरोबर, दादा!” बाईंनी टाळ्या वाजवल्या, चांगल्या खूप वेळ वाजवल्या. मी डोळे उघडले आणि त्यांना मान लववून नमस्कार केला. नट करतात तसा. खरंच केला.

बाबांची पितळी पाणसळ मी बाईंच्या खिडकीत विसरलो. भिंतीवरची वस्तू सरळ आहे की तिरकी ते तिच्यातल्या काचेतला बुडबुडा सांगतो. ती हातात नसली की मला चुकल्या चुकल्यासारखं होतं. दोन-चार दिवसांनी, धाकटा माल आणायला गेला होता तेव्हा, मी स्वतःच ती आणायला गेलो. फोन न करता गेलो, तिथेच सगळं फसलं. किंवा उघडं पडलं म्हणा.

बाईंनी दार उघडलं आणि मला वर नेलं. पाणसळ खिडकीत होती तशीच होती. उजवा स्पीकर मात्र मी ठेवला होता तिथे नव्हता. तो मागे आणि वर गेला होता, डाव्याच्या अगदी समोर. माझ्या जागेवर पुट्टीचा एक पांढरा ठिपका होता, नाण्याएवढा. बोट लावून पाहिलं तर पुट्टी वाळली होती, रंग द्यायचा राहिला होता.

“धाकटे दुसऱ्याच दिवशी येऊन गेले की. त्यांनी माइक लावून सगळं जागेवर आणलं. काय सुंदर वाजतंय!” बाई म्हणाल्या. मी उजवीकडच्या भिंतीला तोंड करून उभा होतो. त्या बोलता बोलता मला वळसा घालून माझ्या डावीकडे आल्या.

“जागेवर आणलं म्हणजे?”

बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग डॉक्टर लोक पेशंटला धीर द्यायला जो आवाज काढतात तो काढून म्हणाल्या, “रागावू नका हं. मी दातांची डॉक्टर, पण माझ्या ओळखीच्या एक कानांच्या डॉक्टर आहेत. उजव्या कानाचं तुम्ही कुणाला दाखवलंत का?”

“कुठल्या कानाचं?”

“अहो, त्यात लाजायचं काय? माझ्या काकांचंही असंच झालं होतं, एकाच बाजूने. धाकट्यांनी सांगितलं मला. तुम्हाला त्यावर बोललेलं आवडत नाही, तेव्हा तुम्ही बसवाल तसं बसवू द्या, ते नंतर येऊन ठीक करतील. आणि खुर्चीतला खेळ झाला की टाळ्या वाजवा, दादाला बरं वाटतं.” त्या मायेने हसल्या. “मी नीट वाजवल्या ना?”

बहुतेक ‘हो’ म्हणालो असेन. पाणसळ उचलली आणि जिना उतरलो. बाई मागून काहीतरी सांगत होत्या, डॉक्टरांचा पत्ता असावा.

रस्त्यावर आल्यावर एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो आणि डावा कान बोटाने दाबून बंद केला. रस्ता गेला. गाड्या होत्या, माणसं होती, समोरचा हातगाडीवाला तोंड उघडून ओरडत होता, आणि सगळं रजईच्या आत. बोट काढलं, रस्ता आला. पुन्हा लावलं, गेला. एखादं पोर बटणाशी खेळतं तसा मी कितीतरी वेळ तेच करत बसलो. इतके दिवस मी भिंतींना शिव्या दिल्या. पडद्यांना दिल्या, काचांना दिल्या. बिघडलं होतं ते माझ्या डोक्याला चिकटलेलं होतं, आणि ते साऱ्या गावाला माहीत होतं, एक मी सोडून.

तरी मनाला वाटत होतं, एवढ्या एकाच घरी झालं असेल. बाई डॉक्टर, त्यांच्या लक्षात आलं असेल, धाकट्याला खरं सांगावं लागलं असेल. माणूस आपल्याच भावासाठी कशी कशी कारणं शोधतो. मी दुसऱ्या दिवशी जुन्या वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांच्याकडचं काम बरंच जुनं. “सहज आलो, वायरी बघून जातो,” म्हटलं. वकीलसाहेब मला बघून आनंदाने उठले, हातात हात घेतला आणि माझ्या डावीकडे येऊन बसले. मी उजव्या भिंतीकडे पाहिलं. भिंतीच्या रंगाचाच रंग वरून दिलेला होता, काम सफाईदार होतं. पण तिरक्या उजेडात पुट्टीचा फुगवटा लपत नाही. मी बसवला होता त्याच्या हातभर मागे स्पीकर होता. म्हणजे बरोबर होता.

मला पहिला राग कानाचा आला नाही. कान म्हातारा झाला, होतो, त्याला कोण काय करणार? स्पीकर सरकवले त्याचाही मी एकवेळ गिळला असता. गिऱ्हाइकाला चांगला आवाज मिळाला, दुकानाचं नाव राहिलं. पण टाळ्या? प्रत्येक घरी, मी आत पाय टाकायच्या आधी, माझा सख्खा भाऊ कुणाला तरी बाजूला घेऊन सांगत होता, टाळ्या वाजवा हं. आणि मी डोळे उघडून नमस्कार करत होतो. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. इतक्या मायेने कापला की मला सुरीसुद्धा लागली नाही.

घरी मी काही बोललो नाही. धाकट्यालाही काही दाखवलं नाही. दुकानात त्याने चहा दिला, मी प्यालो.

पुढचं काम बेकरीवाल्याचं होतं. माणूस पीठ मळून मळून दंड कमावलेला, बायको त्याच्याहून बोलकी, दोघांनाही मारामारीचे सिनेमे आवडतात. निवड करताना मी एका शब्दाने भांडलो नाही. धाकटा दोनदा माझ्याकडे बघत राहिला. उजवा स्पीकर मी नेहमीसारखा पुढे घ्यायला लावला, आवाज चढवायला लावला, खिडकीला शिवीसुद्धा घातली. मग धाकटा खाली गाडीतून पेटी आणायला गेला आणि बेकरीवाला त्याच्या मागोमाग गेला. मला खिडकीतून दोघं दिसत होते. धाकटा त्याच्या दंडाला हात लावून काहीतरी सांगत होता आणि बेकरीवाला मान डोलावत होता. तेवढ्यात मी मागच्या उजव्या स्पीकरची वायर उपटली आणि तिचं टोक स्पीकरच्या मागे खोचून ठेवलं.

ते वर आले. मी खुर्चीत बसलो, डोळे मिटले. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की क्रम ठरलेला आहे. कितीतरी दिवस धाकटा आवाज त्याच क्रमाने, त्याच ठेक्यात सोडत होता. माझं बोट ऐकत नव्हतं, ते सवयीने फिरत होतं. पुढचा डावा. “बरोबर, दादा!” मधला. “बरोबर, दादा!” पुढचा उजवा, बाजूचा उजवा. मग एक श्वासभर शांतता. या वेळी ती माझ्या कानाची नव्हती, खोलीत खरोखरच काही वाजलं नव्हतं. मी हात खांद्यामागे नेला आणि उजव्या कोपऱ्याकडे बोट केलं.

देवाशपथ सांगतो, मी मनातल्या मनात म्हणत होतो, चूक म्हण. बाळा, एकदा चूक म्हण. अरे आवाजच आला नाही दादा, वायर सुटली असेल, असं म्हण. मी सगळं विसरून जाईन.

“बरोबर, दादा!” धाकटा म्हणाला. आवाज जरा अडखळला, पण म्हणाला. राहिलेले दोन्ही झाले आणि बेकरीवाल्याने आपल्या त्या मोठ्या पंजांनी दणक्यात टाळ्या सुरू केल्या. बायकोही वाजवायला लागली.

मी डोळे उघडले. “कशाबद्दल?” मी विचारलं.

टाळ्या थांबल्या. बेकरीवाल्याने धाकट्याकडे पाहिलं. मी उठून मागच्या भिंतीशी गेलो, खोचलेली वायर ओढून काढली आणि तिचं उघडं टोक हातात धरून दाखवलं. बायकोचे हात तसेच एकमेकांना चिकटलेले राहिले होते. ती बिचारी ओशाळून म्हणाली, “आम्हाला वाटलं, असंच असतं.” तिची काही चूक नव्हती. मी वायर जोडून दिली, धाकट्याला म्हटलं, “तुझा माइक काढ आणि यांचं काम आजच्या आज पुरं कर,” आणि खाली गाडीत जाऊन बसलो.

गाडी मी चालवायचो. पूर्वी धाकटा चालवायचा, मग एके दिवशी मान दुखते म्हणून त्याने चाक माझ्या हातात दिलं आणि तो माझ्या डावीकडे बसायला लागला. त्याची मान किती दिवस दुखतेय, हे मी कधी मोजलं नव्हतं. तो येऊन डावीकडे बसला. मी गाडी सुरू केली नाही.

“कधीपासून?” मी विचारलं.

“बाबांच्या वर्षश्राद्धानंतर लगेच...” तो म्हणाला आणि थांबला. “लक्षात राहिलं नाही दादा. हळूहळू झालं.”

“आणि टाळ्या?”

तो काचेतून बाहेर बघायला लागला.

“टाळ्यांचं बोल. भोकं बुजवलीस, बुजव. धंदा आहे. टाळ्या कशासाठी?”

“तुला खुर्चीतून उठवायचं माझ्याच्याने झालं नाही,” तो म्हणाला. “एकदा एका घरी तू पार उलट्या बाजूला बोट केलंस. मी चूक म्हणणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं. तू डोळे मिटून हसत होतास, दादा. बाबांसमोर हसायचास तसा. म्हणून बरोबर म्हणालो. त्या घरच्यांनी तोंडं वाकडी केली, तेव्हा पुढच्या घरापासून आधीच सांगून ठेवायला लागलो.”

“बाबांनी मला एकदाही फुकटचं बरोबर दिलं नाही.”

“मला रोज चूक दिलं,” तो म्हणाला. त्याचा आवाज चढला. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्यावर ओरडत होता. “रोज! त्या खुर्चीत बसून चूक ऐकायला कसं वाटतं ते तुला कुठे माहितीये? मला माहितीये. म्हणून तुला चूक नाही म्हटलं.”

मला त्याला मिठी मारावीशी वाटली आणि मुस्काटात द्यावीशी वाटली. दोन्ही केलं नाही. मला एवढंच कळत होतं की सबंध गावात एकच माणूस असा होता, की ज्याने बरोबर म्हटलं की ते बरोबर असायचं. तो आता नव्हता. तो उठून गेला नव्हता, माझ्या डावीकडेच बसला होता, पण तो माणूस नव्हता. यापुढे त्याने आज मंगळवार आहे म्हटलं तरी मी कुणाला तरी विचारून खात्री करणार होतो.

“दुकान तू बघ,” मी म्हटलं. “खुर्चीत तुझा माइक बसव. तो लोकांना टाळ्या मागत नाही.”

“दादा, असं करू नकोस. तुझ्याशिवाय...”

“माझ्याशिवायच चाललं होतं की.”

मी दार उघडून उतरलो. तेव्हा तो गाडीतून वाकून म्हणाला, “वहिनीला नको बोलूस काही. तिचा दोष नाही. तिने तुझ्या काळजीनेच सांगितलं होतं.”

मी वळलो. “काय सांगितलं होतं?”

त्याने डोळे मिटले. त्याला कळलं, की मला हे माहीत नव्हतं.

“तिच्या आधी लक्षात आलं,” तो म्हणाला. “तीच मला म्हणाली होती, भावजी, यांना कळू देऊ नका. ती खुर्ची गेली तर हे जगायचे नाहीत.”

मी चालत घरी गेलो. वाटेत काय काय जुळत गेलं ते सांगत बसत नाही. एवढंच सांगतो, की लग्न झालं तेव्हा बायको पलंगावर माझ्या उजवीकडे झोपायची, कारण तिला खिडकी लागायची. मग केव्हातरी तिला खिडकीतून गार वारा लागायला लागला आणि तिने बाजू बदलली. जेवताना तिने खुर्ची बदलली, कारण तिकडून गॅस जवळ पडतो. रस्त्याने चालताना ती डावीकडून चालते, कारण सांगितल्याचं आठवत नाही. मी कधी विचारलंही नाही. मला वाटायचं, बायकांचं असतं काहीतरी.

ती जेवायला वाढत होती. चेहरा पाहिल्यावर मला कळलं, धाकट्याचा फोन येऊन गेला होता. तिने ताटं मांडली आणि आपल्या नेहमीच्या, डावीकडच्या खुर्चीला हात घातला.

“तिकडे नको,” मी म्हटलं. “इकडे बस.”

“अहो, आधी जेवून घ्या. मग काय बोलायचं ते बोला.”

“इकडे बस म्हटलं ना.”

ती उजवीकडे येऊन बसली. मी मान वळवली नाही, समोरच्या भिंतीकडे बघत राहिलो. डोळ्याच्या कोपऱ्यातून तिचे ओठ हलताना दिसत होते. ती खूप वेळ बोलली. एकदा तिने पदराने नाक पुसलं, मग पुन्हा बोलली. माझ्यापर्यंत आलं ते रजईतून आलं, शब्द एकही आला नाही. ती माफी मागत असेल. मला दूषण देत असेल, की तुम्ही कुणाला काही सांगू देता का कधी? काहीही असेल. तिची बाजू बहुधा खरी असेल. मी डावा कान तिच्याकडे वळवला असता तर सगळं कळलं असतं, आणि मला तेच करायचं नव्हतं.

ओठ थांबले. मी डोळे मिटले. उजवा हात उचलला आणि ती जिथे बसली होती तिथे बोट केलं.

“बरोबर?” मी विचारलं.

उत्तर आलं असेल तर मला कळलं नाही.